पत्त्यात उरलेल्या बागा

पुण्यातले पत्ते नुसते वाचले, तर हे शहर एखाद्या उद्यानात वसले असावे असे परक्या माणसाला वाटेल. तुळशीबाग, बेलबाग, रमणबाग, विश्रामबाग, हिराबाग, माणिकबाग, सारसबाग. प्रत्यक्षात तुळशीबागेत भांडी आणि बांगड्या मिळतात, रमणबागेत शाळा भरते, विश्रामबाग म्हटले की वाडा डोळ्यांसमोर येतो आणि माणिकबाग म्हटले की सिंहगड रस्त्यावरच्या इमारती. या यादीतली आज खरोखर बाग म्हणता येईल अशी सारसबाग. पण ती मुळात बाग नव्हतीच. ते पर्वतीच्या पायथ्याचे तळे होते.

गेली पंचवीसेक वर्षे मी फावल्या वेळात पुण्यातल्या मोकळ्या जमिनींचा इतिहास गोळा करतो आहे. इतिहासाची पदवी माझ्याजवळ नाही. १८८५ साली तीन भागांत निघालेले पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर, जुने नकाशे, महापालिकेचे विकास आराखडे, राजपत्रातल्या अधिसूचना आणि न्यायालयांचे निकाल हेच माझे गुरुजी. त्यांच्या सहवासात एका प्रश्नाने माझी पाठ धरली. बागेच्या जागेवर घरे येणार अशी बातमी आली की लोक जमतात, सह्या करतात, मोर्चे काढतात. काही वेळा बाग वाचते, पुष्कळदा वाचत नाही. हा फरक कशामुळे पडतो? लोकांचे झाडांवरचे प्रेम दोन्हीकडे सारखेच असते. मग उत्तर आणखी कुठे तरी असले पाहिजे.

मालकाची बाग

पेशवाईतल्या बागा एकेका धन्याच्या होत्या. तुळशीबागेची जागा पेशव्यांच्या खासगीवाल्यांची, साधारण एका एकराची. नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ च्या सुमारास तेथे रामाचे देऊळ बांधायला घेतले, बागेतून देवस्थान झाले आणि खिऱ्यांना तुळशीबागवाले हे आडनाव मिळाले. देवळाभोवती माणसे येऊ लागली, माणसांमागे दुकाने आली. हिराबाग नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीखाली तळ्याकाठी केली. कात्रजच्या तलावातून नळाने शहरात पाणी आणले गेले, ते हौदांतून घरोघर पोचले आणि त्याच पाण्यावर वाड्यांची परसे हिरवी राहिली.

या बागा बंद झाल्या तेव्हा कोणी तक्रार केल्याचे आढळत नाही, आणि त्यात नवल नाही. बाग धन्याची, फुले त्याच्या देवांची, फळे त्याच्या पंगतीची. धनी गेला, जहागीर गेली, वारसांत वाटण्या झाल्या आणि जमीन विकली गेली. बाहेरच्या माणसाला त्या बागेवर काही हक्क होता असे कोणाच्या मनातही येण्याचे कारण नव्हते. ज्या बागेला एकच मालक असतो, तिचे मरण त्या मालकाच्या घरातली खासगी बाब ठरते. पुण्याच्या पत्त्यांत बागा उरल्या आणि जमिनीवरून गेल्या, त्याचे मला सापडलेले पहिले कारण हे.

इंग्रजांचा वाफा

येथे जरा दूर जाऊन इंग्लंडमधली एक गोष्ट सांगायला हवी, कारण तेथे याच्या नेमकी उलट रीत पडली. गावची सामाईक कुरणे कुंपणे घालून जमीनदारांच्या ताब्यात गेली. मजुरांना भाजीपाल्यापुरती तरी जमीन असावी म्हणून तुकडे पाडून ते नाममात्र भाड्याने देण्याची पद्धत सुरू झाली. एक तुकडा साधारण अडीचशे चौरस मीटरचा. त्यांना तिकडे अलॉटमेंट म्हणतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द नाही, पण परसातले वाफे घरापासून सुटून गावाच्या कडेला एकत्र आले आहेत अशी कल्पना केली की चित्र उभे राहते. दोन्ही महायुद्धांच्या काळात अन्नाची टंचाई झाली तेव्हा या वाफ्यांची संख्या फार वाढली. शांततेच्या काळात घरांची गरज पुढे आली आणि शहरांची नजर पुन्हा त्याच जमिनींवर गेली.

वाफेवाले टिकले ते दोन कायद्यांमुळे. १९०८ च्या कायद्याने मागणी असेल तेथे असे वाफे उपलब्ध करून देणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरवले. १९२५ च्या कायद्याने असे बंधन घातले की, या कामासाठी घेतलेली जमीन मंत्र्याच्या संमतीवाचून विकता येणार नाही किंवा दुसऱ्या कामाला लावता येणार नाही. त्यामुळे तिथल्या लढ्यांत ‘ही जमीन कायद्याने वाफ्यांसाठी घेतलेली आहे का’ हा पहिला प्रश्न असतो. उत्तर हो असेल तर भांडायला पाय टेकतात. नसेल तर भाडेकरू कितीही जुना असो, त्याची बाजू लंगडी पडते.

हा फरक मनात ठेवून पुण्याकडे परत येऊ.

संस्थेची बाग

पुण्यात जमीन एकाची आणि सांभाळ दुसऱ्याचा असे जुने उदाहरण म्हणजे एम्प्रेस गार्डन. घोडदौडीच्या मैदानाजवळची ही सुमारे ३९ एकरांची बाग एके काळी लष्करातल्या गोऱ्यांसाठी राखीव होती आणि सोल्जर्स गार्डन म्हणून ओळखली जाई. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली आणि बागेचे नाव बदलले. तिचा कारभार पाहणारी ॲग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था १८३० सालची. जमीन सरकारची, झाडे संस्थेने जोपासलेली, आणि वावर साऱ्या पुण्याचा. गारंबीचा तो अवाढव्य वेल पाहायला शाळांच्या सहली येतात. जानेवारीतले पुष्पप्रदर्शन हा तर अनेक कुटुंबांचा वर्षाचा नेम आहे.

२०१८ च्या अखेरीस या बागेच्या जमिनीपैकी काही एकरांवर न्यायाधीशांची निवासस्थाने बांधण्याचा प्रस्ताव पुढे आला. न्यायाधीशांना घरे हवीत याबद्दल कोणाचा वाद नव्हता. वाद जागेचा होता. सकाळी फिरायला येणारे, वनस्पती अभ्यासक, रोपवाटिकेची गिऱ्हाइके, शाळांचे शिक्षक असे एरवी एकमेकांना न ओळखणारे लोक एकत्र आले. सह्यांची मोहीम झाली, वेगवेगळ्या पक्षांचे पुढारी बाजूने बोलले. त्या जागेवर घरे उभी राहिली नाहीत.

या यशाचे श्रेय वर्तमानपत्रांनी लोकभावनेला दिले. ते खरे आहे, पण अर्धे. दुसरे अर्धे असे की या बागेच्या वतीने बोलायला एक नोंदलेली, शंभराहून अधिक वर्षांची संस्था होती. तिच्याजवळ कागदपत्रे होती, वृक्षांची माहिती होती, पत्राला उत्तर द्यायला कार्यालय होते. तुळशीबागेच्या वेळी असे कोणी नव्हते. तरीही एक काळजी उरतेच. संस्थेचा ताबा हा मालकी हक्क नव्हे, आणि आज मागे घेतलेला प्रस्ताव उद्या दुसऱ्या खात्याच्या नावाने येऊ शकतो.

गणेशखिंडीतली बाग या बाबतीत एक पाऊल पुढे गेली. १८७३ साली स्थापन झालेल्या या बागेची सुमारे ३३ हेक्टर जागा २०२० मध्ये राज्य शासनाने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. ही घोषणा जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या ३७ व्या कलमाखाली होते. आंब्याच्या जुन्या कलमांना त्यामुळे एका अधिसूचनेचा आधार मिळाला. इंग्लंडमधल्या वाफ्यांना १९२५ च्या कायद्याने मिळाला, साधारण त्याच जातीचा.

मळ्यांसाठी मोर्चा का निघाला नाही?

बागांचा विचार करताना मळे विसरून चालणार नाही. १८७० च्या दशकात खडकवासल्याचे धरण बांधले गेले, मुठेचा उजवा कालवा हडपसरकडे वाहू लागला आणि त्याच्या काठाने भाजीपाल्याचे आणि उसाचे मळे बहरले. महात्मा फुले यांनी मांजरीला शेती केली ती याच पाण्याच्या आसऱ्याने. पुण्याची मंडई अनेक पिढ्या या पट्ट्यावर जगली.

आज त्या पट्ट्यातल्या हडपसरला मगरपट्टा सिटी उभी आहे. ती कोणा बाहेरच्या बिल्डरने जमीन बळकावून उभी केलेली नाही. सतीश मगर यांच्या पुढाकाराने शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी आपल्या सुमारे चारशे एकर जमिनी एकत्र केल्या, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात हिस्से घेतले आणि स्वतःच घरे व कार्यालये बांधली. शहर अंगावर येणारच आहे, तर तुकड्या-तुकड्यांनी विकून संपण्यापेक्षा आपण मिळून ठरवू, असा तो हिशेब होता. भारतभरच्या नगररचनेच्या वर्गांत हे उदाहरण शिकवले जाते.

या मळ्यांसाठी ‘वाचवा’ असा फलक कोणी धरला नाही. धरणार तरी कोण? मेथीची जुडी घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा मळ्यावर हक्क नव्हता, आणि ज्यांचा हक्क होता त्यांनी आपला निर्णय विचारपूर्वक घेतला होता. शहरात राहणाऱ्या माणसाने शेतकऱ्याला ‘तू तुझी जमीन हिरवी ठेव, मला हवा लागते’ असे सांगायचे, तर त्या हिरवाईची किंमत कोणी द्यायची हेही सांगावे लागते. बागा वाचवण्याच्या चळवळी हा प्रश्न बहुधा टाळतात. तो टाळला की काय होते ते पुढे येईलच.

घरांची बाजूही नीट मांडली पाहिजे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि नदीकाठचे पुणे वाहून गेले. त्यानंतर गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती उठल्या त्या मोकळ्या जमिनींवरच. त्या वेळी मोकळ्या जागेचा कैवार घेऊन कोणी उभे राहिले असते, तर ते निर्दयपणाचे झाले असते. घर की बाग, या वादात बाग दर वेळी बरोबर असते असे मला वाटत नाही. कोणासाठी घर, कोणाच्या संमतीने, आणि आधी दिलेला कोणता शब्द मोडून, हे तीन प्रश्न विचारल्यावर मगच उत्तर ठरवावे.

आरक्षण म्हणजे दिलेला शब्द

आपल्याकडे हा शब्द विकास आराखड्यात दिलेला असतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली शहराचा आराखडा होतो आणि त्यात बाग, मैदान, शाळा, दवाखाना यांसाठी जमिनींवर आरक्षणे टाकली जातात. पुण्याचा जुना आराखडा १९६६ चा, सुधारित १९८७ चा. नकाशावर हिरवा रंग दिला की बाग झाली, असे आपण समजतो. जमीन मात्र अजून खासगी मालकाचीच असते.

कायद्याचे १२७ वे कलम म्हणून मला फार महत्त्वाचे वाटते. आराखडा लागू होऊन १० वर्षे झाली आणि तरीही महापालिकेने जमीन संपादन केली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. पूर्वी सहा, आता २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप उडते. ‘पावले’ म्हणजे नुसती टिपणी किंवा पत्रव्यवहार नव्हे, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले. मालकाच्या दृष्टीने हे कलम न्याय्यच आहे. कोणाची जमीन पिढ्यान्‌पिढ्या अडकवून ठेवणे योग्य नाही. पण याचा अर्थ असा की अनेक बागा बुलडोझरने न मरता मुदत संपल्याने मरतात. त्या दिवशी तेथे कोणी जमलेले नसते, कारण तो दिवस कोणाला ठाऊकच नसतो.

प्रभात रस्त्यावरच्या अंतिम भूखंड क्रमांक ११० ची कथा याहून वेगळी आहे. ही जागा आधी बागेसाठी आणि नंतर प्राथमिक शाळेसाठी आरक्षित होती. युती सरकारच्या काळात ते आरक्षण काढले गेले आणि तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या जावयाच्या संस्थेने तेथे उंच इमारत बांधली. विजय कुंभार आणि इतरांनी जनहित याचिका केल्या. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९९९ मध्ये ती परवानगी बेकायदा ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय ऑक्टोबर २०११ मध्ये कायम केला. बारा वर्षांहून अधिक काळ गेला, पण आराखड्यातले आरक्षण हे सत्ताधाऱ्याच्या मर्जीचे नाही, हे त्यातून पक्के झाले.

त्याआधी १९९१ मध्ये बंगळूरच्या एका प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने हाच मार्ग दाखवला होता. तेथे सार्वजनिक उद्यानाची जागा खासगी शुश्रूषागृहाला दिली गेली होती. शेजारच्या रहिवाशांनी आक्षेप घेतला. उद्यानाचा लाभ घेणाऱ्या रहिवाशांना त्यासाठी न्यायालयात येण्याचा अधिकार आहे, हे या निकालाने मान्य केले. पेशवाईतल्या बागेबाहेर उभ्या असलेल्या माणसाला जे नव्हते, ते त्याला येथे मिळाले.

टेकड्यांचे अठरा वर्षांचे प्रकरण

१९९७ मध्ये पुण्याभोवतीची गावे शहरात आली. काही नंतर वगळली गेली आणि २३ उरली. त्यांच्या आराखड्यात टेकड्या आणि टेकडउतारांच्या ९७८ हेक्टर जमिनीवर जैवविविधता उद्यानाचे, म्हणजे बीडीपीचे आरक्षण सुचवले गेले. माजी महापौर वंदना चव्हाण, ग्रीन पुणे मूव्हमेंटचे कार्यकर्ते, नगररचनाकार आणि रोज टेकडी चढणारे हजारो पुणेकर यांनी ते लावून धरले. महापालिकेच्या सभेने २००५ मध्ये ते मान्य केले. शासनाने २०१२ मध्ये गावांचा आराखडा मंजूर करताना बीडीपीचा निर्णय मात्र मागे ठेवला, आणि मंजुरी दिली ऑगस्ट २०१५ मध्ये. म्हणजे गावे आल्यापासून अठरा वर्षे.

एवढी वर्षे अडले ते कशावर? बांधकाम करू द्यायचे का, आणि मालकांना मोबदला किती, या दोन गोष्टींवर. चार टक्के बांधकामाची परवानगी द्यावी असे एक मत होते. त्याला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की, चार टक्क्यांसाठी रस्ता, नळ, दिवे टेकडीवर गेले की टेकडी उरणारच नाही. अखेर बांधकाम नाही आणि मोबदला म्हणून आठ टक्के हस्तांतरणीय विकास हक्क, असे ठरले. जमीनमालकांना तो अपुरा वाटला. त्यांत बडे गुंतवणूकदार होते, तसेच पिढीजात शेतकरीही होते आणि आयुष्याची पुंजी घालून गुंठा-दोन गुंठे घेतलेले लोकही. निर्णय लांबला त्या काळात उतारांवर विनापरवाना बांधकामे होत राहिली.

एम्प्रेस गार्डनला जे महिन्यांत साधले, ते टेकड्यांना दोन दशकांतही पुरते साधलेले नाही, कारण येथे जमीन लोकांची आहे आणि तिची किंमत अजून कोणी चुकती केलेली नाही.

पुढची तारीख

जुन्या शहराच्या आराखड्याचा मसुदा मार्च २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा हरकती-सूचनांची संख्या ८७ हजारांच्या घरात गेली. त्यांत माझाही एक अर्ज होता. त्या आठवड्यांत पाहिलेले एक चित्र माझ्या मनात पक्के बसले आहे. एका गृहस्थांनी नकाशावर तलम कागद ठेवून आपल्या पेठेतली आरक्षणे पेन्सिलीने उतरवून आणली होती. १९८७ ची काळ्या रेषेने, नवी लाल रेषेने. जी काळ्यात होती आणि लाल रेषेत नव्हती, तिथे त्यांनी फुली मारली होती. भाषण नव्हते, घोषणा नव्हती. पुढे २०१५ मध्ये शासनाने आराखडा महापालिकेकडून काढून घेऊन समितीकडे सोपवला. जानेवारी २०१७ मध्ये तो मंजूर झाला. मधल्या वाटेत अनेक आरक्षणे गेली, काही परत आली. त्या गृहस्थांच्या कागदासारखा कागद प्रत्येक पेठेत असता, तर कुठे काय गेले हे निदान वेळेवर कळले असते.

आता मला माझ्या प्रश्नाचे उत्तर असे दिसते. बाग वाचायला तीन गोष्टी लागतात. पहिली, तिच्या वतीने बोलणारी नोंदलेली संस्था. दुसरी, बागेचा हक्क सांगणारा आणि मुदत न संपलेला कागद. तिसरी, जमीन खासगी असेल तर तिचा रास्त मोबदला. एम्प्रेस गार्डनला पहिली होती, गणेशखिंडीला दुसरीही मिळाली, टेकड्यांना तिसरी मिळालेली नाही. मोर्चा या तिन्हींना बळ देतो. त्यांची जागा मात्र घेऊ शकत नाही.

पुण्यात २०१७ मध्ये आणखी ११ गावे आली आणि २०२१ मध्ये २३. त्या गावांत आजही ओढ्याकाठचे मळे आहेत, गायराने आहेत, देवराईसारखी जुनी झाडोरे आहेत. त्यांपैकी कोणत्या जमिनी सार्वजनिक राहतील हे ठरते आराखड्याच्या कागदावर, आणि त्यावर हरकत घ्यायला मुदत असते काही आठवड्यांची. या दिवाळीत फराळाला जमलेल्या मंडळींत आपापल्या भागातल्या एका बागेचा सर्व्हे नंबर, तिच्या आरक्षणाचे वर्ष आणि ती ताब्यात आली की नाही एवढे तरी कोणी वहीत उतरवून ठेवावे. माझ्या वहीत अशा ४१ जागांची नोंद झाली आहे. त्यांतल्या १७ जागांपुढे ‘ताबा नाही’ असे लिहिलेले आहे.